सोळा आठवडे

रेघ काही बसेना. पट्टी वरून लावली, खालून लावली, चष्मा पदराने पुसून पुन्हा लावली, तरी चार्टवरच्या नऊ ठिपक्यांमधून सरळ रेघ जाईना. पहिले चार ठिपके पट्टीला धरून शहाण्यासारखे बसले होते. पुढचे वर वर पळत होते, आणि शेवटचा तर पट्टीपासून चांगला बोटभर उंच.

“गमरेबाई, चहा गार झाला,” गंधाली म्हणाली. ही आमच्या शाळेतली सर्वांत तरुण शिक्षिका, चाचणीचं सगळं ऑनलाइन काम तिच्या गळ्यात. तिने वाकून चार्ट पाहिला. “एवढं काय त्यात? दोन-तीन ठिपके जरा खाली सरकवा ना. प्रदर्शनात कोण मोजायला येतंय?”

“वा गं वा! ठिपके सरकवू? मग भूगोलवाल्यांना सांग, मुंबईपण जरा नाशिककडे सरकवा,” मी म्हणाले आणि हसले. हसता हसताच माझी नजर आकड्यांवर गेली आणि हसू तिथेच थांबलं.

आधी चाचणीचं सांगते. यंदा वरून फर्मान आलं होतं की मुलांना पाढे येतात का ते पाहू नका, गणित जगण्यात वापरता येतं का ते पाहा. गणिती साक्षरता म्हणे. मला तर आनंदच झाला. चौतीस वर्षं मी साठ-साठ कलिंगडं विकत घेणाऱ्या माणसांची गणितं शिकवली. त्या कलिंगडांचं पुढे काय झालं, हे एका पोराने कधी विचारलं नाही. या पेपरात चौथा प्रश्न झकास होता: घरातली किंवा परिसरातली बदलणारी एखादी गोष्ट निवडा, आठ आठवडे मोजा, सरासरी बदल काढा आणि पुढचा अंदाज सांगा. चार गुण.

कुणी आजीचं ब्लडप्रेशर मोजलं, कुणी पिंपातलं पाणी. नववी ब मधल्या चेतना वाहुळेने घराची भिंत मोजली.

घाटकोपरला आमच्या शाळेमागे एक बैठी चाळ आहे. तिच्या पाठीला खेटून टॉवरचा खड्डा खणतायत, तीन मजले खोल. चेतनाची खोली चाळीतली शेवटची, अकरा नंबर, अगदी खड्ड्याच्या कडेची. तिचा बाप भाऊराव गवंडी. त्याने भिंतीच्या वरच्या टोकाला खिळा ठोकला, त्याला चाळीस मिलिमीटरची पट्टी लावली आणि तिच्या टोकाला वजन बांधलेल्या दोरीचा ओळंबा सोडला. भिंत सरळ असेल तर खालीही ओळंब्यापासून भिंत चाळीसच मिलिमीटरवर हवी. चेतना दर रविवारी सकाळी खालचं अंतर मोजायची. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, पन्नास, चोपन्न, साठ. भिंतीचा पाय खड्ड्याकडे सरकत होता.

तिने उत्तर लिहिलं होतं: आठ आठवड्यांत वीस मिलिमीटर वाढ. सरासरी आठवड्याला अडीच. पप्पा म्हणतात की ओळंबा चार इंच, म्हणजे शंभर मिलिमीटर दाखवायला लागला की भिंत राहत नाही. अजून चाळीस बाकी. चाळीस भागिले अडीच, म्हणून सोळा आठवडे.

उत्तरसूचीत सरासरीच मागितली होती. मी चारपैकी चार दिले. तेवढ्यावर थांबायचं ना! पण मला कौतुक आवरलं नाही. मी लाल पेनाने वर लिहिलं, ‘शाब्बास! म्हणजे सोळा आठवडे काळजी नाही.’ त्याचा फोटो गंधालीने वर पाठवला, तो नमुना उत्तरपत्रिका म्हणून निवडला गेला आणि आता प्रदर्शनासाठी मी त्याचा आलेख काढत होते.

चार्ट उलटा केला आणि मागे फक्त वाढ लिहिली. एक, एक, एक, दोन, दोन, तीन, चार, सहा. बालवाडीतल्या पोराला दाखवलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की पुढे अडीच येणार नाही. मी पुढचे आकडे अंदाजाने मांडले: नऊ, तेरा, अठरा. बेरीज चाळीस.

सोळा नाही. तीन आठवडे. आणि शेवटचं माप घेऊन दोन रविवार उलटून गेले होते.

मी चप्पल न घालताच स्टाफरूममधून निघाले आणि नववी ब च्या दारात उभी राहिले. चेतना डबा खात होती. बारीक, गंभीर चेहऱ्याची पोर, वेणी घट्ट बांधलेली.

“चेतना, मापं घेणं बंद केलंस का गं?”

“नाही बाई. पप्पा बोलले, सुरू केलंय तर घेत राहा.”

“मग? मागच्या दोन रविवारी किती आलं?”

तिने दप्तरातून वही काढली. “त्या रविवारी एकोणसत्तर. काल ब्याऐंशी.”

नऊ आणि तेरा. आयुष्यात माझं गणित इतकं बरोबर आलेलं मला कधी नकोसं झालं नव्हतं.

“आणि तुझा पेपर? सगळ्यांचे पालकांची सही होऊन आले. तुझाच राहिलाय.”

ती खाली बघत पुटपुटली, “पप्पा देतच नाहीत. त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून फाइलमध्ये ठेवलाय. रेशनकार्डच्या बरोबर.”

शाळा सुटली तशी मी तिच्याबरोबर चाळीत गेले. गल्लीच्या तोंडापासून पंपाचा आवाज यायला लागला. खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप, दिवसभर चालणारा. त्याचा जाड पाइप गटारात सोडला होता आणि पाणी चहासारखं तांबूस येत होतं.

भाऊराव ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. परांचीवरून पडल्यापासून त्याला उंचावर चढून काम होत नव्हतं. मला बघून धडपडत उठला. “बाई तुम्ही? अगं चेतनाची आई, च्या टाक! बाई आल्यात.”

आत पाऊल टाकायला दार उचलून ढकलावं लागलं, इतकं ते खाली घासत होतं. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. दोन्ही तसबिरींची खालची कड भिंतीपासून सुटून हवेत आली होती. कोपऱ्यात ओळंबा टांगलेला. तो अगदी स्थिर होता. बाकी सगळं घर त्याच्यापासून बाजूला चाललं होतं.

“भाऊराव, तुम्ही आजच्या आज ही खोली सोडा,” मी म्हणाले.

तो हसला. घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा तसा हसला. “बसा तर आधी. अहो, तुम्हीच तर लिहून दिलंय.” त्याने वरच्या फळीवरून फाइल काढली. वीजबिल, रेशनकार्ड, आधार, आणि त्यांच्याबरोबर पारदर्शक कागदात माझा शेरा. लाल, ठसठशीत. ‘सोळा आठवडे काळजी नाही.’

“माझं चुकलं, भाऊराव.”

“तुमचं कसं चुकंल?”

“चुकलं. सरासरी काढायची नव्हतीच. भिंत दर आठवड्याला सारखी सरकत नाहीये, वेग वाढतोय तिचा. येत्या रविवारी शंभर होतील.”

चेतनाची आई हातात चहाचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. भाऊराव उठला, लंगडत भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर तळहात ठेवला. “बाई, खरं सांगू? माझा हात म्हैनाभर हेच सांगतोय. पाणी आधी स्वच्छ यायचं, आता गढूळ येतंय. म्हंजी पाण्याबरोबर आपल्या खालची माती चाललीय. मला कळत होतं. पण मी सातवी नापास माणूस. म्हटलं, पोरीनं मोजलं, बाईंनी तपासलं, ते काय खोटं आसंल? मग मीच माझ्या हाताला गप बसवलं.”

मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. माझ्या चार शब्दांनी तीस वर्षं गवंडीकाम केलेला हात गप्प केला होता.

“मग चला. आत्ताच चला. मुलुंडला माझ्याकडे दोन खोल्या आहेत, मी एकटीच असते.”

“गुरुवारपर्यंत न्हाई जमायचं, बाई.”

“का?”

“गुरुवारी सर्व्हे हाय.”

हे सर्व्हेचं प्रकरण ज्याने पाहिलं नाही त्याला समजणार नाही. चाळ पाडून नवी बांधायची तर आधी नव्या घराला कोण पात्र, याचा सर्व्हे होतो. माणसं येतात, दारात राहणाऱ्याला उभं करून फोटो काढतात, कागद तपासतात. दाराला कुलूप दिसलं की ‘अपात्र’ लिहून पुढे जातात. मग वर्षानुवर्षं चकरा मारत बसा. म्हणून सर्व्हेच्या आठवड्यात चाळीतलं कुणी लग्नालासुद्धा गावी जात नाही. भिंत पडेल ही भीती होतीच, पण कुलूप दिसेल ही भीती तिच्याहून मोठी होती.

एवढ्यात दारात हितेशभाई आला. चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी, एक नंबरच्या खोलीत राहणारा, पुढे वाण्याचं दुकान असलेला. “टीचर, तुम्ही कशाला टेन्शन देता लोकांना? तुमचाच पेपर मी ग्रुपवर टाकला. सगळे शांत झाले ना! तीन दिवसांचा सवाल आहे यार. सर्व्हे होऊ द्या, मग जाऊ सगळे.”

“ग्रुपवर टाकलात?”

“तर काय! टीचरची सही आहे त्यावर.”

म्हणजे अकरा खोल्या माझ्या शेऱ्यावर झोपत होत्या. मी पर्समधून लाल पेन काढलं. भाऊरावच्या फाइलमधून तो कागद ओढला, प्लास्टिक फाडलं आणि ओट्यावर येऊन सगळ्यांदेखत माझ्या बरोबरच्या खुणेवर आडवी फुली मारली. चारावर फुली मारली. शेऱ्यावरून रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘उत्तर चूक. तपासणारीचीही चूक. मुदत रविवारपर्यंत.’ चौतीस वर्षांत मी एकदा दिलेले गुण कधी काढून घेतले नव्हते.

“घ्या. काढा फोटो,” मी हितेशला म्हणाले. “आणि हाही टाका ग्रुपवर. नाही टाकलात तर मी एकेक दार वाजवून सांगेन. माझा आवाज नववीच्या वर्गाला पुरतो, तुमच्या चाळीलाही पुरेल.”

“अरे, ओरडता कशाला?” तो पुटपुटला. पण फोटो काढला.

बायका गोळा झाल्या. मी चेतनाला पुढे केलं आणि वहीतले आकडे वाचायला लावले. एक, एक, एक, दोन, दोन, तीन, चार, सहा, नऊ, तेरा. पोरीचा आवाज आधी बारीक होता, मग मोठा झाला. तेरावर ती थांबली तेव्हा पंपाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पाच नंबरमधली म्हातारी म्हणाली, “अगो बाय, म्हणजे ही पळतेय की!”

मी आपत्कालीन नंबरला फोन लावला, तक्रारीचा नंबर वहीवर लिहून घेतला. खड्ड्यावरच्या सुपरवायझरला हाक मारली, तो म्हणाला पंप बंद करायचा अधिकार त्याला नाही, साहेबांना विचारतो. अंधार पडायच्या आत चाळ रिकामी व्हायला लागली. लहान पोरं, म्हाताऱ्या, गॅसचे सिलिंडर. कुणी विक्रोळीला बहिणीकडे, कुणी समोरच्या समाजमंदिरात. मात्र प्रत्येक खोलीचं एक माणूस मागे राहिलं, आणि ते ओट्यावर बसलं. दारं सताड उघडी ठेवली होती.

चेतनाला आणि तिच्या आईला मी मुलुंडला घेऊन निघाले. भाऊरावला म्हटलं, “शपथ घ्या. आत पाय ठेवायचा नाही.”

“न्हाई ठेवत. बाहेरच बसतो, रात्री समाजमंदिरात निजतो. माप तेवढं घेऊन येतो सकाळ-संध्याकाळ, दोन मिनिटांचं काम. मोजायचं थांबवलं तर कळणार कसं?”

“माप नको. काही नको.”

“बाई,” तो म्हणाला, “पोरीचं गणित अर्धं ऱ्हायलंय.”

मी त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं, हे आता कळतं.

पुढचे तीन दिवस त्याचा फोन दोन वेळा यायचा. चेतना वही घेऊनच बसलेली असायची. सोमवारी संध्याकाळी चौऱ्याऐंशी. मंगळवारी पंच्याऐंशी, मग अठ्ठ्याऐंशी. बुधवारी सकाळी एक्क्याण्णव, संध्याकाळी चौऱ्याण्णव. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. माझ्या आठवड्याच्या हिशोबापेक्षा ते पुढे धावत होतं. मी शाळेला रजा टाकली, दोनदा तक्रारीचा नंबर सांगून पाठपुरावा केला. गुरुवारी दुपारी पाहणी होईल, असं उत्तर मिळालं. गुरुवारी, सर्व्हेच्या दिवशीच.

गुरुवारी सकाळी आठला फोन आला.

“लिही गं. सत्त्याण्णव.”

चेतनाने लिहिलं. “पप्पा, आता बाहेर या ना.”

“आलोच बाहेर. बाईंना दे.”

मी फोन घेतला. मागे पंप चालू होता.

“बाई, तुमचा नवा हिशोब बरोबर हाय,” भाऊराव म्हणाला. आवाजात कसलाही राग नव्हता, उलट बरं वाटल्यासारखा होता तो. “माझा हातबी बरोबर होता. सर्व्हेवाले दहाला येत्यात. फोटो झाला की सरळ मुलुंडची गाडी पकडतो. चेतनाच्या आईला सांगा, भाकरी टाकून ठेव.”

मी म्हटलं, “आत जाऊ नका.” तो म्हणाला, “न्हाई.”

पुढचं हितेशने सांगितलं. सर्व्हेवाले साडेदहाला आले, एक नंबरपासून सुरुवात केली. सगळे ओट्यावर उभे होते. चार नंबर झाला, पाच नंबर झाला. भाऊराव शेवटच्या ओट्यावर सकाळपासून बसून होता. सहा नंबरला सर्व्हेवाल्याने कुणाला तरी विचारलं की फाइल कुठे आहे, आधी कागद काढून ठेवा, वेळ नाही. ते ऐकून भाऊरावला आपली फाइल आठवली. ती आतल्या वरच्या फळीवर होती. कितीसा वेळ लागणार? गुडघा दुखत होता म्हणून तो भिंतीला हात टेकत टेकत आत गेला.

मोठा आवाज झालाच नाही, हितेश म्हणाला. आधी दार आपोआप मिटलं. मग वरचा पत्रा खाली बसला आणि अकरा नंबर खड्ड्याकडे निघून गेला. दहा नंबरची अर्धी भिंत गेली, तिथली माणसं ओट्यावर होती म्हणून वाचली. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी सांगितलेला रविवार यायला अजून तीन दिवस बाकी होते.

घरी ताटावर पाच भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. चेतनाच्या आईने त्या संध्याकाळपर्यंत कुणाला उचलू दिल्या नाहीत.

चेतना बारा दिवसांनी शाळेत आली. वेणी तशीच घट्ट. मुलांनी तिला काही विचारू नये म्हणून मी तास सुरू करून टाकला, पण फळ्यावर लिहिताना मला आकडे सुचेनात. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. दप्तरातून तिने फाइल काढली, कडा चिखलाने वाळलेल्या.

“फाइल पप्पांच्या हातातच होती,” ती म्हणाली. “सर्व्हेवाल्यांनी नंतर कागद बघितले. रहिवासी हजर, असं लिहिलं. आमची खोली पात्र झाली, बाई.”

मी तिचा हात धरून ठेवला. तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, काम राहिलं होतं म्हणून. फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “माझा पेपर द्यायचा राहिला होता.”

माझ्या लाल फुल्या पावसात भिजल्यासारख्या फुटल्या होत्या. चारावरची फुली, शेऱ्यावरची रेघ, ‘तपासणारीचीही चूक’. आणि त्याखाली, जिथे छापलेलं असतं ‘पालकाची सही’, तिथे निळ्या पेनाने एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं: भाऊराव लक्ष्मण वाहुळे. बरोबर उत्तराच्या पेपरवर त्याने इतके दिवस सही केली नव्हती. चुकीच्यावर केली. खाली तारीख होती, त्याच गुरुवारची.

मी कपाटातून नोंदवही काढली. नववी ब, अनुक्रमांक एकवीस, वाहुळे चेतना भाऊराव. पेपर सही होऊन परत आला, या रकान्यात सगळ्यांच्या नावांसमोर खुणा होत्या, तेवढीच एक जागा रिकामी होती.

चेतना उभी राहून बघत होती. मी पेन उघडलं आणि खूण केली.